कोकणात बंदूक कधी आली? एका जुन्या वादाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किल्ल्यांच्या तटांत जागोजाग जंग्या आढळतात. फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालण्याच्या वाटेवर, उभे राहून बंदुकीची नळी बाहेर काढायची आणि तटाच्या पायथ्याशी आलेल्या शत्रूवर गोळी झाडायची, यासाठी ठेवलेली ही तिरपी भोके. रत्नदुर्ग, जयगड, पूर्णगड, अंजनवेलचा गोपाळगड आणि हर्णैसमोरचा सुवर्णदुर्ग यांच्या इतिहासावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्या हत्यारासाठी या जंग्या पाडल्या ते हत्यार या किनाऱ्यावर केव्हा आले, कोणत्या वाटेने आले आणि त्याने लढाई कितपत बदलली, या तीन प्रश्नांवर मात्र अभ्यासकांत अजून एकमत नाही.

हा आढावा हातात धरून चालवायच्या दारूच्या हत्यारांपुरता मर्यादित आहे. तोफांचा उल्लेख गरजेपुरता येईल. काळ साधारण चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा घेतला आहे. ‘बंदूक कोणी आणली?’ या एका प्रश्नाऐवजी ‘कोणत्या टप्प्याला कोणते हत्यार होते?’ असे विचारले, तर परस्परविरोधी वाटणारी बरीच मते शेजारी-शेजारी नांदू शकतात, असे या लेखाचे म्हणणे आहे.

पार्श्वभूमी: नळीपासून तोड्यापर्यंत

दारूचा सर्वांत जुना लेखी पाठ चीनमधला आहे. १०४४ साली सिद्ध झालेल्या ‘वुजिंग झोंगयाओ’ या लष्करी ग्रंथात सोरा, गंधक आणि कोळशासारखी ज्वलनशील द्रव्ये यांची मिश्रणे दिली आहेत. ११३२ साली दआन शहराच्या वेढ्यात बांबूच्या नळीतून आग ओकणारे भाले वापरले गेले. पुढे नळी धातूची झाली आणि आगीबरोबर गोळा बाहेर पडू लागला. मांचुरियातल्या हैलोंगजियांग भागात सापडलेली काशाची छोटी हातनळी १२८८च्या सुमाराची मानली जाते. तिची लांबी सुमारे ३४ सेंटिमीटर आणि वजन साडेतीन किलोच्या आसपास आहे. मात्र तिच्यावर साल कोरलेले नाही. ती जिथे सापडली तिथल्या लढायांवरून हा काळ ठरवला आहे.

युरोपात १३२६ सालच्या एका हस्तलिखितात तोफेचे चित्र मिळते. जर्मनीतला टानेनबेर्ग किल्ला १३९९ साली उद्ध्वस्त झाला. त्याच्या अवशेषांत सापडलेली हातनळी त्या सालाआधीची असणार, हे उघड आहे. या पहिल्या पिढीतल्या नळ्यांना चाप नव्हता. एका हाताने किंवा काखेत नळी धरायची आणि दुसऱ्या हाताने नळीच्या कानाला, म्हणजे बत्तीच्या छिद्राला, निखारा किंवा तापलेली सळई लावायची. नेम साधण्याला त्यात फारसा वाव नव्हता.

दुसरी पिढी तोडेदार बंदुकीची. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, संथ जळणारी दोरी. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपात हा तोडा एका वाकड्या लोखंडी पट्टीत धरून ती पट्टी खालच्या दांडीने हलवण्याची युक्ती रूढ झाली. त्यामुळे दोन्ही हात बंदुकीवर राहिले, डोळा नळीच्या रेषेत आला आणि चाप ओढताच तोडा प्याल्यातल्या रंजकीवर, म्हणजे पेटवणीच्या दारूवर, टेकू लागला. उस्मानी तुर्कांच्या जानिसारी पायदळाने हे हत्यार लवकर उचलले. कोकणचा वाद मुख्यतः या दुसऱ्या पिढीचा आहे. तरी पहिल्या पिढीचे पुरावे त्यात वारंवार मिसळले जातात.

दख्खनेतले पहिले उल्लेख

इतिहासकार फिरिश्ता सांगतो की बहमनी सुलतान पहिला मुहम्मदशहा याने १३६६च्या सुमारास विजयनगरशी लढताना तोफखाना उभारला आणि त्यात तुर्क व फिरंगी नेमले. फिरिश्ताने हे लिहिले सतराव्या शतकाच्या आरंभी, विजापूरच्या दरबारात. मधल्या अडीचशे वर्षांत तोफखाना नेहमीचा झाला होता. म्हणून आपल्या काळची गोष्ट त्याने मागे नेली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. मध्ययुगीन भारतातील दारू व शस्त्रांवर २००४ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिणारे इक्तिदार आलम खान या उल्लेखांकडे सावधपणेच पाहतात. त्यांच्या मांडणीत दारू भारतात प्रथम मंगोलांच्या संपर्कातून आली. तिचा पहिला वापर अग्निबाण आणि आतषबाजी यांसाठी झाला. गोळा फेकणारी हत्यारे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्पष्ट दिसू लागतात.

रत्नागिरीचा संबंध इथे सुरू होतो. १४५३ साली बहमनी सरदार मलिक-उत्-तुज्जार संगमेश्वर आणि खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, यांच्या मधल्या रानात सैन्यासह मारला गेला. घोडदळाच्या बळावर जिंकणाऱ्या फौजेला घाटाखालच्या झाडीने निष्प्रभ केले. पुढे बहमनी वजीर महमूद गावानने १४६९ ते १४७२ या काळात कोकणची मोहीम नेटाने चालवली आणि संगमेश्वर, खेळणा व शेवटी गोवा ताब्यात घेतले. त्यानंतर लगेच झालेल्या बेळगावच्या वेढ्यात दारूचे सुरुंग लावून तट फोडल्याचे वर्णन येते. म्हणजे दारू युद्धाच्या कामी येत होती. पण कोकणच्या मोहिमेत शिपायाच्या हातात बंदूक होती, असे यावरून म्हणता येत नाही.

याच सुमाराचा एक प्रत्यक्ष साक्षीदार आहे. रशियन व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरला, जुन्नरमार्गे बीदरला गेला आणि अखेर दाभोळहून जहाजाने परत निघाला. बीदरच्या मिरवणुकीतल्या हत्तींवरच्या अंबाऱ्यांत चिलखती शिपाई बाणांबरोबर आगीची हत्यारे घेऊन बसत, असे त्याने नोंदवले आहे. ही हत्यारे छोट्या तोफा होत्या की हातनळ्या, हे त्याच्या वर्णनावरून ठरत नाही. तरीही ही नोंद मोलाची आहे, कारण ती समकालीन आहे आणि पोर्तुगीज येण्याच्या पाव शतक आधीची आहे.

पहिले मत: प्राचीन भारतीय मूळ

सर्वांत जुने मत असे की बंदूक मुळातच भारतातली आहे. मद्रासला संस्कृतचे अध्यापन करणाऱ्या गुस्ताव ओपर्ट यांनी १८८० साली ते विस्ताराने मांडले. त्यांचा आधार होता शुक्रनीती. तिच्यात लघुनालिक आणि बृहन्नालिक अशी दोन हत्यारे वर्णिली आहेत. दारूसाठी पाच भाग सोरा, एक भाग गंधक आणि एक भाग कोळसा असे प्रमाणही दिले आहे. वर्णन इतके नेमके आहे की लघुनालिक म्हणजे बंदूक, याबद्दल शंका उरत नाही. शंका ग्रंथाच्या काळाबद्दल आहे. लल्लनजी गोपाल यांनी १९६२ साली दाखवून दिले की उपलब्ध शुक्रनीतीतल्या प्रशासनविषयक तपशिलांवर एकोणिसाव्या शतकाची छाप आहे. तेव्हापासून व्यावसायिक इतिहासकार या ग्रंथाचा प्राचीन बंदुकीचा पुरावा म्हणून वापर करत नाहीत.

देशी ग्रंथांतून पुरावा शोधण्याचा याहून काटेकोर प्रयत्न परशुराम कृष्ण गोडे यांच्या लेखनात सापडतो. गोडे मूळचे देवरुखचे, म्हणजे गावानच्या मोहिमेतल्या त्याच संगमेश्वर तालुक्यातले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत त्यांनी हस्तलिखितांचा अभिरक्षक म्हणून आयुष्य घालवले. १९३९ साली त्यांनी १४०० नंतरच्या भारतातील बंदुका आणि दारू यांवर लेख प्रसिद्ध केला आणि पुढे आतषबाजीच्या इतिहासावरही लिहिले. प्राचीनत्वाचा दावा त्यांनी केला नाही. ज्यांचा काळ ठरवता येतो असे संस्कृत, मराठी आणि प्रवासवर्णनातले उल्लेख सालवार लावत जायचे, ही त्यांची रीत. ओडिशाच्या प्रतापरुद्रदेव गजपतीच्या नावावरील ‘कौतुकचिंतामणि’तले आतषबाजीचे पाठ, विजयनगरच्या इतिहासासाठी ‘आकाशभैरवकल्प’, एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’तली शोभेच्या दारूची वर्णने असे साहित्य त्यांनी अभ्यासकांपुढे ठेवले. दारूचे ज्ञान पंधराव्या-सोळाव्या शतकात देशी भाषांत आणि संस्कृतात मुरले होते, हे त्यातून ठसते. पण आतषबाजीची दारू आणि बंदुकीची दारू यांत कारागिरीचे मोठे अंतर आहे. फटाक्याला कागदाची किंवा बांबूची नळी चालते. बंदुकीला स्फोट सोसणारी लोखंडी नळी घडवावी लागते. गोड्यांच्या पुराव्याची मर्यादा इथे येते.

दुसरे मत: पोर्तुगीजांनी आणली

पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेले मत असे की तोडेदार बंदूक भारतात पोर्तुगीजांबरोबर आली. घटनाक्रम त्याला अनुकूल आहे. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला. काही वर्षांत दोन मिलानी तोफ-ओतारी पोर्तुगीजांना सोडून तिथल्या राजाच्या, म्हणजे झामोरिनाच्या, पदरी गेले आणि त्याच्यासाठी तोफा ओतू लागले, असे प्रवासी वार्थेमा सांगतो. १५०८च्या मार्चात चौलच्या लढाईत लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. त्या वर्षाच्या डिसेंबराच्या अखेरीस त्याचा बाप, व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा, याने सूडाने दाभोळ जाळले. रत्नागिरीच्या किनाऱ्याने युरोपीय बंदुकांचा संघटित मारा मोठ्या प्रमाणावर अनुभवला तो इथे, असे म्हणायला जागा आहे. १५१० साली आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा घेतले आणि किनाऱ्यावर बंदुकीचे कायमचे केंद्र उभे राहिले.

या मताला उत्तरेकडूनही अप्रत्यक्ष दुजोरा मिळतो. १५१९च्या आरंभी बाजौरचा किल्ला घेताना तिथल्या लोकांनी बंदूक कधी पाहिलीच नव्हती आणि आवाज ऐकून ते आधी थट्टा करत होते, असे बाबराने आपल्या आठवणींत लिहिले आहे. त्या सालापर्यंत दाभोळ जळून दहा वर्षे झाली होती. बंदुकीचा प्रसार समुद्राकडून आत झाला, असे हे मत मानणारे यावरून म्हणतात. विरुद्ध बाजू म्हणते की बाजौर हा एका कोपऱ्यातला डोंगरी मुलूख होता, त्याच्यावरून गुजरात किंवा दख्खनबद्दल काही सिद्ध होत नाही.

तिसरे मत: तुर्की-अरबी वाट आणि गोव्याचे कारागीर

तिसऱ्या मतानुसार पोर्तुगीजांच्या आधीच, किंवा निदान त्यांच्याबरोबरीने, बंदूक इजिप्तच्या मामलूक आणि उस्मानी जगातून अरबी समुद्रावरून आली. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने १४८२ साली वलसाडकडच्या चाच्यांवर पाठवलेल्या जहाजांत बंदूकधारी होते, असा उल्लेख फिरिश्ता करतो. त्याच्या उशिराच्या लेखनाबद्दलची शंका इथेही लागू पडते. पण गुजरात, चौल, दाभोळ आणि गोवा ही बंदरे होर्मुझ, एडन आणि तांबड्या समुद्राशी वर्षानुवर्षे जोडलेली होती. मामलूकांनी पाठवलेले आरमार १५०८ साली चौलला आणि १५०९ साली दीवला लढले. दीवच्या पराभवातून वाचलेले ‘रूमी’, म्हणजे तुर्क, गोव्यात जमून नवी जहाजे बांधत होते, ही बातमी आल्बुकेर्कला तिमोजी या समुद्री सरदाराने दिली होती.

या मताचा सर्वांत चर्चिला जाणारा आधार आल्बुकेर्कचा स्वतःचा पत्रव्यवहार आहे. १५१३ साली पोर्तुगालचा राजा मानुएल याला लिहिताना त्याने गोव्यातल्या बंदूक घडवणाऱ्यांचे कसब बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीची असल्याचे कळवले. तीन वर्षांत शून्यातून असे कसब तयार होत नाही. म्हणून आदिलशाही गोव्यात बंदुका आधीपासून घडत असाव्यात, असा तर्क केला जातो. पोर्तुगीज शस्त्र-अभ्यासक राइनर डेनहार्ट यांनी हाच धागा पुढे नेला. युरोपीय आणि स्थानिक कारागिरीच्या संकरातून गोव्याची बंदूक घडली, ती श्रीलंका आणि मलाक्कामार्गे पूर्वेकडे गेली आणि १५४३ साली जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचलेल्या बंदुका याच कुळीच्या होत्या, असे त्यांचे म्हणणे.

या दाव्याला यंत्ररचनेचा आधार आहे. जपानी बंदुकीत स्प्रिंग कळीच्या बाहेरच्या अंगाला असते आणि चाप ओढताच तोडा झटक्याने खाली आदळतो. मोगल आणि दख्खनी तोडेदार बंदुकीत यंत्र दस्त्याच्या खाचेत दडलेले असते आणि चाप दाबावा तसा तोडा हळूहळू प्याल्याकडे झुकतो. ही दुसरी ठेवण उस्मानी बंदुकांच्या जवळची मानली जाते. म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर दोन वेगळ्या परंपरा पोहोचल्या, एक जहाजांतून आलेली संकरित आणि एक तुर्की वळणाची. अंतर्भागात टिकली ती दुसरी. माझ्या मते वादातली ही सर्वांत भक्कम कडी आहे, कारण ती दरबारी बखरकाराच्या स्मरणावर नव्हे, तर हातात घेता येणाऱ्या वस्तूवर उभी आहे. तिची उणीव एवढीच की तपासलेल्या बहुतेक बंदुका नंतरच्या काळातल्या आहेत आणि त्यांच्यावरून मागचा काळ अनुमानाने ठरवावा लागतो.

लढाईवर परिणाम किती?

आगमनाच्या वादाइतकाच परिणामाचा वाद मोठा आहे. मायकेल रॉबर्ट्स यांनी १९५५ साली आणि जेफ्री पार्कर यांनी १९८८ साली मांडलेल्या ‘लष्करी क्रांती’च्या सिद्धान्तात बंदूकधारी पायदळ आणि नव्या घडणीचे किल्ले यांना राज्याच्या घडणीत मध्यवर्ती स्थान आहे. दख्खनेला हे चित्र लागू पडते का?

रिचर्ड ईटन यांनी २००९ साली रायचूरच्या १५२०च्या लढाईचा नव्याने अभ्यास केला. पोर्तुगीज बखरकार नुनिझच्या वृत्तान्तानुसार क्रिस्तोव्हांव द फिगेरेदो याच्याबरोबर वीस पोर्तुगीज बंदूकधारी कृष्णदेवरायाच्या बाजूने वेढ्यात होते. त्यांनी तटावरच्या शिपायांना अचूक टिपले, पहारेकरी मागे हटले आणि विजयनगरच्या लोकांना तटाचे दगड उपटता आले. त्याआधी मैदानात आदिलशाही तोफांचा मारा निर्णायक ठरला नव्हता. ईटन यांच्या मते जिंकलेल्या विजयनगरला यातून बदलण्याची गरज वाटली नाही. हरलेल्या विजापूरने मात्र धडा घेतला. पुढे फिलिप वॅगनर यांच्याबरोबर २०१४ साली लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी दख्खनी किल्ल्यांच्या बुरुजांची बदलती रचना या कथेशी जोडली.

याउलट मत असे की तोडेदार बंदूक सावकाश भरली जाई आणि तेवढ्या वेळात तिरंदाज कितीतरी बाण सोडी. घोडदळाचे वर्चस्व सतराव्या शतकापर्यंत टिकले. मोगल युद्धपद्धतीवर लिहिणारे योस गोमन्स घोडे, बैल, चारा आणि भूगोल यांना बंदुकीपेक्षा जास्त वजन देतात. पोर्तुगीज प्रवासी डोमिंगो पाइश याने १५२०च्या सुमारास विजयनगरच्या संचलनात बंदूकधारी पाहिले. पण त्याच वर्णनात धनुर्धारी, भालाईत आणि ढालाईत यांच्याही रांगा आहेत. बंदुकीने जुनी हत्यारे हटवली नाहीत, ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

कोकणच्या बाबतीत या वादात दोन स्थानिक गोष्टी धरायला हव्यात. पहिली पावसाची. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जळता तोडा आणि उघडी रंजक यांना हे हवामान प्रतिकूल. दारू कोरडी ठेवणे ही किल्लेदाराची मोठी चिंता असे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दारूखाना घरांपासून दूर बांधण्याची आणि दारूला वेळोवेळी ऊन देण्याची ताकीद आहे, ती याचमुळे. दुसरी गोष्ट भूभागाची. झाडीत, खिंडीत आणि तटामागे, म्हणजे घोडा निरुपयोगी होतो तिथे, आडोशाने गोळी झाडणारा पायदळाचा शिपाई फार प्रभावी ठरतो. १४५३ साली संगमेश्वरच्या रानात जे बंदुकीविना घडले, तेच युद्धतंत्र बंदूक आल्यावर आणखी धारदार झाले असणार. उत्तर भारताच्या मैदानावरून काढलेले निष्कर्ष कोकणाला तसेच लावता येत नाहीत, ते यामुळे.

सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे हत्यार इथे रुळले होते. १६६० साली राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी पन्हाळ्याच्या वेढ्यात आदिलशाही सरदार सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापुरावर स्वारी करून त्यांना कैद केले. दारूगोळा कोण कोणाला पुरवतो, हा तोवर थेट राज्यकारणाचा विषय झाला होता.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न काळाचा. १४७० ते १५१० या चाळीस वर्षांत दाभोळ, संगमेश्वर आणि गोवा या पट्ट्यात हातातली बंदूक होती का? लेखी पुरावा दोन्ही बाजूंनी ताणता येतो.

दुसरा प्रश्न कारागिरांचा. गोव्यातले बंदूक घडवणारे कोण होते? तुर्की उस्तादांकडून शिकलेले स्थानिक लोहार, बाहेरून आलेले मुसलमान कारागीर, की दोन्ही? लोखंड, सोरा आणि गंधक कुठून येत होते? नळी घडवणाऱ्यांचा इतिहास राजांच्या इतिहासापेक्षा कितीतरी कमी लिहिला गेला आहे.

तिसरा प्रश्न जंग्यांचा. किनाऱ्यावरचे बहुतेक किल्ले आदिलशाही, शिवकाल आणि पेशवाई अशा निरनिराळ्या वेळी डागडुजी होत आजच्या रूपाला आले. एखाद्या तटातली जंगी कोणत्या थरातली आहे हे ठरल्याशिवाय तिला बंदुकीच्या आगमनाचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

आज कुठे उभे आहोत

उपलब्ध पुराव्यावरून एवढे म्हणता येते. दारूचे ज्ञान दख्खनेत पोर्तुगीजांच्या आधी होते आणि ते अग्निबाण, आतषबाजी, सुरुंग व छोट्या तोफा यांत उतरले होते. बंदुकीचे प्राचीन भारतीय मूळ सिद्ध होत नाही. तोडेदार बंदूक पश्चिम किनाऱ्यावर १५००च्या आगेमागे, तुर्की-अरबी आणि पोर्तुगीज अशा दोन्ही वाटांनी आली आणि स्थानिक कारागिरांनी ती फार लवकर आपलीशी केली. पहिली वाट दुसरीच्या किती वर्षे आधीची, एवढाच आगमनाबाबतचा मुख्य वाद आता शिल्लक आहे.

तो नव्या तर्कांनी मिटणार नाही. गोड्यांनी जे हस्तलिखितांबाबत केले ते आता दगड आणि लोखंड यांबाबत व्हायला हवे. रत्नागिरीच्या प्रत्येक किल्ल्यावरच्या जंग्यांची मापे, उतार आणि त्यांच्या भोवतालचे बांधकाम यांची एकत्रित नोंद झाली पाहिजे. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना हे काम विद्यार्थ्यांच्या मदतीने करता येईल. ज्या घरांत किंवा देवळांत जुन्या नळ्या आणि रंजकदाण्या आहेत, त्यांनी त्या घासून चकचकीत करू नयेत, रंगवू नयेत आणि भंगारात देऊ नयेत. गंजाखालचे ठोकणीचे सांधे हाच त्यांचा जन्मदाखला आहे. जाणकाराला दाखवून त्यांची छायाचित्रे आणि मापे नोंदवून ठेवावीत, एवढी विनंती.